वजन उतरवताना पास्ता: साधा डुरम, डाळीचा, कोंजाकचा की झुकिनीचा?

आधी निकाल, मग कारणं. कॅलरी मोजून खाणाऱ्यांसाठी सगळ्यात भरवशाचा अजूनही साधा, डुरम या कठीण जातीच्या गव्हाचाच पास्ता आहे, फक्त तो कोरडा असताना काट्यावर ७० ग्रॅम तोलून घेतलेला हवा. त्याच्या जागी म्हणून जे काही विकलं जातं, त्यातला मसूर किंवा काबुली चण्याचा पास्ता खरोखर कामाचा आहे. कोंजाक या कंदापासून केलेल्या नूडल्स निम्म्या मिसळल्या तर चालतात. उरलेले पर्याय भाजी म्हणून छान आहेत, पण त्यांच्याकडून पास्त्याची अपेक्षा धरली की निराशाच होते. आणि ताट जड होतं ते बहुतेक वेळा तेलाच्या धारेने, क्रीमने आणि नजरेच्या अंदाजाने. म्हणून या परीक्षणात पाकिटांइतकीच जागा सॉसला आणि काट्याला दिली आहे.

साधा डुरम पास्ता

कोरडा पास्ता १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ३७० कॅलरी देतो. स्पॅगेटी घ्या, पेन्ने घ्या किंवा फुसिली, आकडा तोच राहतो, कारण आत डुरम गव्हाचा रवा आणि पाणी याखेरीज काही नसतं. ७० ग्रॅम म्हणजे २५० कॅलरी, ९ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि ५० ग्रॅम कर्बोदकं. अमेरिकेतल्या पाकिटांवर एका माणसाचं माप ५६ ग्रॅम छापलेलं असतं, तर इटलीत आहाराच्या सल्ल्यात ८० ग्रॅम धरतात. वजन उतरवताना ७० हा आकडा सोसतो. ५६ ग्रॅमला ताट रिकामं वाटतं आणि हात पुन्हा भांड्याकडे जातो. ८० घेतले तर सॉसच्या वाट्याला फार थोडं उरतं.

पाकीट निवडताना मागच्या बाजूचा प्रथिनांचा आकडा बघावा. इटलीच्या २००१ सालच्या नियमानुसार डुरम रव्याच्या कोरड्या पास्त्यात किमान १०.५ टक्के प्रथिनं लागतात आणि ओलावा १२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही. चांगल्या पाकिटांवर १३ ते १४ ग्रॅम लिहिलेलं दिसतं. कॅलरीत याने काही फरक पडत नाही, फरक पडतो तो चावण्यात. प्रथिनं जास्त असली की ग्लुटेनचं, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचं, जाळं घट्ट बसतं, पास्ता दाताखाली टिकतो आणि मिनिटभर जास्त उकळला गेला तरी त्याचा लगदा होत नाही. ताटात पास्ता मोजकाच असताना तो चावून खाता येणं याला फार किंमत आहे.

दुसरी खूण पृष्ठभागाची. ब्राँझच्या साच्यातून काढलेला पास्ता फिकट, पिठूळ आणि बोटाला खरखरीत लागतो. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या साच्यातला गुळगुळीत आणि चकचकीत पिवळा असतो. खरखरीत पास्ता पाण्यात जास्त स्टार्च सोडतो आणि सॉस अंगाला धरून ठेवतो. कमी तेलात काम भागवायचं असेल तर हाच घ्यावा. का, ते सॉसच्या भागात येईल.

पास्ता खाल्ल्यावर रक्तातली साखर पांढऱ्या ब्रेडइतकी झपाट्याने चढत नाही, याचं कारणही तेच जाळं आहे. स्टार्चचे कण ग्लुटेनमध्ये अडकून बसलेले असतात, पाचक रसांना तिथवर पोचायला वेळ लागतो. स्पॅगेटीचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे साखर किती झपाट्याने चढते त्याचं माप, ५० च्या आसपास येतो, पांढऱ्या ब्रेडचा ७० च्या पुढे. जास्त शिजवला की कण फुगतात, जाळं सैल होतं आणि हा फायदा कमी होतो. म्हणून पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा काढून दाताने तोडावा. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की पास्ता सॉसच्या पॅनमध्ये जायला तयार आहे, उरलेलं तो तिथे शिजतो.

पास्त्याने वजन वाढतंच, या समजुतीबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. २०१८ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात ३२ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण छापलं, सहभागी सुमारे २,५०० होते. कमी ग्लायसेमिक इंडेक्सच्या आहाराचा भाग म्हणून पास्ता खाणाऱ्यांचं वजन वाढलं नाही, उलट तुलनेच्या गटापेक्षा सरासरी ०.६३ किलोने उतरलं. आता यातली बारीक अक्षरं. एक वेळचं माप होतं शिजलेला अर्धा कप, तेही आठवड्यातून तीनहून थोड्या जास्त वेळा. अर्धा कप म्हणजे कोरडा जेमतेम ३० ग्रॅम. शिवाय काही लेखकांनी पास्ता उद्योगाशी असलेले आर्थिक संबंध स्वतःच जाहीर केले आहेत. अभ्यास टाकाऊ ठरत नाही, पण तो दाखवून भरलेलं ताट माफ करून घेता येणार नाही.

काटा नसेल तर बाकी सगळं व्यर्थ

स्पॅगेटीची जुडी मुठीत धरून अंदाज घेणारे हमखास फसतात, आणि त्यात नजरेचा दोष फारसा नाही. ७० ग्रॅमची जुडी साधारण दोन सेंटिमीटर जाड असते. ती अडीच सेंटिमीटर झाली तर डोळ्याला किंचित जाड दिसते, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढत असल्यामुळे वजन दीडपटीच्या वर जातं. ७० चे जवळपास ११० ग्रॅम, म्हणजे १४० कॅलरी जास्त. कपाने मोजण्याची तीच गत. एक कप पेन्नेत पोकळ जागा जास्त, एक कप बारीक मॅकरोनीत कमी. कप तोच आणि वजन वेगळं.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. वाटी ठेवायची, शून्य करायचं, पास्ता कोरडाच तोलायचा. शिजवून तोलण्यात गडबड अशी होते की पाणी किती शोषलं जाईल ते शिजण्याच्या वेळेवर अवलंबून असतं. अल देन्ते, म्हणजे दाताखाली किंचित कडक असताना, काढलेला पास्ता दुपटीच्या थोडा वर जातो, मऊ शिजवलेला जवळजवळ अडीचपट होतो. म्हणजे तेच ७० ग्रॅम एकदा १४५ भरतात, एकदा १७०. कॅलरी मात्र दोन्ही वेळा २५०.

मोबाइलच्या अॅपमध्ये सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. कोरडा ७० ग्रॅम तोलला आणि यादीतून 'शिजलेला पास्ता' निवडला, तर अॅप ११० कॅलरी दाखवतं आणि १४० कॅलरी हिशेबातून गळून जातात. उलट झालं तर शिजलेल्या १५५ ग्रॅमचे साडेपाचशे लागतात आणि माणूस विनाकारण उपाशी राहतो. यादीत 'कोरडा' किंवा 'शिजलेला' हा शब्द नसेल तर ती नोंद वापरूच नये.

चार जणांसाठी एकाच भांड्यात शिजवत असाल तर असं करा: सगळ्यांचा मिळून कोरडा पास्ता तोला, समजा ३२० ग्रॅम. शिजवून निथळल्यावर पुन्हा तोला, समजा ७०४ भरला. ७०४ भागिले ३२० म्हणजे २.२. तुमचे ७० ग्रॅम गुणिले २.२, म्हणजे १५४ ग्रॅम तुमच्या ताटात. हा गुणक दर वेळी नव्याने काढावा लागतो. कालचा आज चालेलच असं नाही.

मसूर आणि काबुली चण्याचा पास्ता

यावर 'लो कॅलरी' अशी समजूत धरून लोक उड्या टाकतात, आणि पाकीट उलटं करून बघितलं की १०० ग्रॅमला ३३० ते ३६० कॅलरी दिसतात. म्हणजे कॅलरीत बचत जवळपास नाहीच. मग घ्यायचा कशासाठी? प्रथिनं १०० ग्रॅमला २० ते २५ ग्रॅम आणि फायबर साध्या पास्त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. ७० ग्रॅममध्ये १५ ते १७ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि पोट पुढच्या जेवणापर्यंत शांत राहतं. ज्यांच्या ताटात मांस-मासे नसतात त्यांना हा पास्ता मनापासून सुचवावासा वाटतो. सोयाबीन किंवा एडामामेची (कोवळ्या हिरव्या सोयाबीनची) स्पॅगेटी याच्याही पुढे जाते, १०० ग्रॅमला ४० ग्रॅमच्या वर प्रथिनं. पण ती रबरासारखी चिवट असते आणि हिरव्या शेंगेची चव कुठल्याच सॉसखाली लपत नाही.

शिजवताना मसूर पास्ता तीन ठिकाणी दगा देतो. पहिलं, पाण्यावर दाट फेस येतो आणि भांडं उतू जातं. भांडं मोठं घ्यावं, झाकण ठेवू नये आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांत फेस झाऱ्याने काढून टाकावा. दुसरं, याच्यात ग्लुटेनचं जाळं नाही, त्यामुळे कच्चा आणि लगदा यांच्यात फार तर मिनिटभराचं अंतर असतं. पाकिटावर ७ ते ९ मिनिटं लिहिलं असेल तर पाचव्या मिनिटापासून चाखायला लागावं. तिसरं, सॉसमध्ये घालून उकळवू नये. कडा झडतात आणि सॉस पिठाळ होतो. निथळून सरळ ताटात, वरून गरम सॉस. सॅलडसाठी गार करायचा असेल तेव्हाच थंड पाण्याने धुवावा. उरलेला दुसऱ्या दिवशी हमखास तुटतो, म्हणून लागेल तेवढाच शिजवावा.

घटकांची यादी नक्की वाचावी. काही पाकिटांत फक्त मसुराचं पीठ असतं, काहींत तांदळाचं पीठ किंवा टॅपिओका (साबुदाण्याचा स्टार्च) बऱ्यापैकी मिसळलेला असतो आणि पुढच्या बाजूला चित्र मात्र डाळीचं. यादीत वजनाने जास्त तो घटक आधी येतो; तांदूळ पहिला असेल तर ते पाकीट ठेवून द्यावं. आणि शेंगवर्गीयांची सवय नसलेल्या पोटाला पहिल्याच दिवशी ७० ग्रॅम जड जातं, गॅस होतो. पहिले काही दिवस निम्मा डाळीचा, निम्मा साधा असं चालवावं, पण दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत शिजवून, कारण वेळा जुळत नाहीत.

संपूर्ण गव्हाच्या पास्त्याबद्दल थोडक्यात: कॅलरी साध्याइतक्याच, फायबर अडीच ते तीन पट, चव किंचित कडसर आणि दाणेदार. टोमॅटो, लसूण, मशरूम, भाजलेली वांगी अशा ठसठशीत सॉसबरोबर छान लागतो, नाजूक लिंबू-बेसिलबरोबर अजिबात नाही. आवडत असेल तर रोज घ्या. पालक किंवा बीट घातलेल्या रंगीत पास्त्यात भाजीची पूड अगदी थोडी असते, तो साध्याच पास्त्यात धरावा. मका-तांदळाचा ग्लुटेनविरहित पास्ता सीलिअॅक आजार असलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी आहे. त्यात कॅलरी तेवढ्याच, आणि प्रथिनं जेमतेम ७ ग्रॅम. वजनासाठी तो घेण्यात काहीच अर्थ नाही.

कोंजाकच्या नूडल्स

शिराताकी या नावानेही त्या ओळखल्या जातात. कोंजाक या कंदातलं ग्लुकोमॅनन नावाचं फायबर सुमारे तीन टक्के आणि बाकी जवळपास सगळं पाणी. १०० ग्रॅमला बहुतेक ५ ते १५ कॅलरी. आकडा खरा आहे, त्यात फसवणूक नाही.

पिशवी कापली की आतल्या पाण्याचा मासळीसारखा वास येतो. नूडल्स ज्या अल्कधर्मी पाण्यात बुडवलेल्या असतात त्याचा तो वास, माल खराब झाल्याची खूण नव्हे. पण एवढं वाचूनही बरेच जण पहिली पिशवी टाकून देतात, कारण नुसतं एकदा धुऊन तो जात नाही. चाळणीत घालून वाहत्या पाण्याखाली पूर्ण दोन मिनिटं हाताने चोळाव्या. मग उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं. मग निथळून, तेल न घालता कोरड्या गरम पॅनमध्ये मध्यम आचेवर पाच ते सात मिनिटं परताव्या. सुरुवातीला वाफ निघते आणि चरचर आवाज येतो. वाफ थांबते, नूडल्स पॅनला घासून बारीक चीं-चीं करू लागतात, आणि चिमट्याने उचलल्यावर थेंब पडत नाही, तेव्हा झालं. ही पायरी गाळली की काय होतं? ताटात वाढल्यावर दहा मिनिटांत तळाशी पाणी साचतं आणि सॉस त्यात तरंगतो.

एवढं करूनही दोन मर्यादा राहतात. कोंजाक सॉस शोषत नाही, सॉस त्याच्या अंगावरून घसरतो. म्हणून पातळ टोमॅटो सॉस इथे वाया जातो. घट्ट, चिकट, तीव्र चवीचा सॉस लागतो, म्हणजे आटवलेली टोमॅटो पेस्ट, तीळ-सोया किंवा शेंगदाण्याचा मोजून घेतलेला सॉस. दुसरी मर्यादा चावण्याची. नूडल दाताखाली कचकन तुटते, पास्त्यासारखी दबत नाही. शिवाय ताटातून ऊर्जा आणि प्रथिनं जवळपास शून्य, त्यामुळे नुसत्या कोंजाकवर उठलेलं पोट दोन तासांत भूक मागतं आणि जे वाचवलं ते बिस्किटांत जातं.

मिसळून वापरल्या तर मात्र त्यांचा खरा उपयोग होतो. ३५ ग्रॅम साधी स्पॅगेटी आणि १२५ ग्रॅम कोंजाक, म्हणजे दोन्ही मिळून १४० कॅलरींच्या आत ताटभर नूडल्स. स्पॅगेटीचा स्टार्च सॉसला धरतो आणि कोंजाकची घसरण जाणवेनाशी होते. ओटचं फायबर मिसळलेल्या पांढऱ्या जाती कमी वासाच्या आणि जरा मऊ असतात, पहिल्यांदा घेणाऱ्याने त्याच घ्याव्या. फ्रीझरमध्ये ठेवू नयेत. पाणी सुटून रबर होतं. नूडल्स कात्रीने कापून, नीट चावून खाव्या. गिळायला त्रास असणाऱ्यांनी किंवा आतड्याचा अडथळा होऊन गेलेल्यांनी त्या टाळाव्या आणि मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

पाकिटावरच्या वजन उतरवण्याच्या दाव्याबद्दल एक गोष्ट. युरोपीय संघाने ग्लुकोमॅननसाठी असा दावा मान्य केला आहे, पण अटींसकट: दिवसाला ३ ग्रॅम, एकेक ग्रॅमच्या तीन वाट्यांत, जेवणाआधी एक-दोन ग्लास पाण्याबरोबर आणि एकूण आहारच कमी कॅलरीचा असताना. शेवटची अट वाचली नाही तर दाव्याचा अर्थच बदलतो.

झुकिनी, पामचा गाभा आणि स्पॅगेटी स्क्वॉश

झुकिनीच्या, म्हणजे काकडीसारख्या दिसणाऱ्या भोपळावर्गीय भाजीच्या, लांब फिती १०० ग्रॅमला १७ कॅलरी देतात. त्यात ९४-९५ टक्के पाणी आहे आणि बिघडतं ते सगळं त्या पाण्यानेच. मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं चाळणीत ठेवाव्या, कापडात घट्ट पिळाव्या, मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटंच परताव्या आणि सॉस ताटात वरून घालावा. पॅनमध्ये सॉसबरोबर शिजवल्या की पाच मिनिटांत सूप होतं. मधला बियांचा भाग वापरू नये, पाणी तिथेच जास्त असतं.

पामच्या (ताडवर्गीय झाडाच्या) कोवळ्या गाभ्याच्या पट्ट्या डब्यात किंवा पिशवीत मिळतात, १०० ग्रॅमला साधारण ३० कॅलरी. आंबटपणा पाण्यात असतो. धुऊन अर्धा तास दुधात किंवा साध्या पाण्यात भिजवल्या की तो उतरतो. या सगळ्या पर्यायांत चावताना पास्त्याच्या जवळ जातात त्या याच, विशेषतः लझान्याच्या थरांत. स्पॅगेटी स्क्वॉश हा धागेदार गराचा भोपळा गोडसर आहे, ४० मिनिटं ओव्हन मागतो आणि त्याचे धागे लांब हवे असतील तर तो उभा न कापता आडवा कापावा लागतो, कारण धागे आत गोल फिरलेले असतात. चवीला छान भाजी. पास्त्याची आठवण मात्र त्याने येते, भागत नाही.

सॉस: हिशेब इथे बिघडतो

एक टेबलस्पून ऑलिव्ह तेल म्हणजे १२० कॅलरी. बाटलीतून पॅनमध्ये 'थोडंसं' ओतलं की सहज तीन चमचे जातात, म्हणजे ३६०. पास्त्यापेक्षा शंभराने जास्त. तेल तोलायची सोपी युक्ती अशी की बाटलीच काट्यावर ठेवून शून्य करावी, ओतावं, बाटली परत ठेवावी. उणे ५ दिसलं तर ५ ग्रॅम तेल गेलं. पॅनच काट्यावर ठेवून थेंब थेंब ओतण्यात धोका आहे. बरेच स्वस्त काटे अगदी हळू वाढणारं वजन ओळखत नाहीत आणि शून्यावरच बसून राहतात.

कमी तेलात सॉस कोरडा आणि विलग होतो, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय पास्त्याच्या पाण्यात आहे. नेहमीच्या एक लिटरऐवजी १०० ग्रॅमला ६५०-७०० मिलिलिटर पाणी रुंद भांड्यात घ्यावं, मीठही त्याच प्रमाणात कमी, साधारण ५ ग्रॅम. पाणी कमी म्हणून स्टार्च दाट. पॅनमध्ये एक टीस्पून, म्हणजे ४.५ ग्रॅम तेलावर दोन पाकळ्या लसूण आणि चिली फ्लेक्स मंद आचेवर परतावे, दोन मिनिटं कच्चा ठेवलेला पास्ता आणि ७० मिलिलिटर पास्त्याचं पाणी घालावं आणि आच मोठी करून सतत हलवत राहावं. आधी बुडबुडे मोठे, पाणचट असतात आणि तेल वेगळं चमकतं. साठ-सत्तर सेकंदांत बुडबुडे बारीक होतात, पाणी दुधाळ होतं, आणि लाकडी चमचा तळावरून ओढला की मागे उमटलेली रेघ क्षणभर थांबून मग मिटते. तिथे थांबायचं. खरखरीत पृष्ठभागाच्या पास्त्याची शिफारस वर केली ती यासाठीच. गुळगुळीत पास्त्याचं पाणी इथवर यायला जास्त वेळ घेतं आणि तोवर पास्ता मऊ पडतो. चीज घालायचं ते आच बंद करून, अर्धं मिनिट थांबून; उकळत्या सॉसमध्ये घातलं की त्याचे गोळे होतात आणि तूप सुटतं. उकळायच्या पाण्यात तेल घालण्याची सवय असेल तर ती सोडून द्यावी. ते पाण्यावर तरंगतं, निथळताना पास्त्याला चिकटतं आणि सॉस धरू देत नाही.

या पद्धतीने पूर्ण ताटाचा हिशेब असा लागतो: पास्ता ७० ग्रॅम २५०, डब्यातले टोमॅटो २०० ग्रॅम ४५, मशरूम १५० ग्रॅम ३३, झुकिनी १५० ग्रॅम २५, तेल ४०, लसूण १०, पार्मेझान १० ग्रॅम ४०. एकूण ४४३ कॅलरी आणि ताटाचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास. त्यात १०० ग्रॅम कोळंबी घातली तर ८५ कॅलरींत २० ग्रॅम प्रथिनं वाढतात. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या बार्बरा रोल्स यांनी अन्नाच्या ऊर्जा-घनतेवर केलेलं काम याच दिशेचं आहे: भाजीने ताटाचं वजन वाढवून कॅलरी खाली ठेवल्या तर कमी कॅलरींतही पोट भरतं. भाजी पास्त्यात शेवटी पसरण्याऐवजी आधी वेगळी, मोठ्या आचेवर परतावी. मशरूम तेलाशिवाय गरम पॅनमध्ये टाकावे, पाणी सोडू द्यावं, ते आटलं की मग तेलाचे चार थेंब. आधी तेल घातलं तर मशरूम ते स्पंजासारखं पिऊन टाकतात आणि आणखी मागतात.

आता मलईदार सॉस. घरात सर्रास केला जाणारा अल्फ्रेडो, म्हणजे ३० ग्रॅम लोणी, १०० मिलिलिटर घट्ट क्रीम आणि ४० ग्रॅम चीज, ७०० च्या वर जातो, पास्ता वेगळा. याउलट खरा कार्बोनारा क्रीमशिवायच होतो. ७० ग्रॅम पास्ता, एक अंडं, २० ग्रॅम ग्वांचाले (डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस) आणि १५ ग्रॅम पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज) मिळून सव्वापाचशेच्या आत. ग्वांचालेची चरबीच तिथे तेलाचं काम करते, वेगळं तेल घालायचं नाही. मलईदार खायची इच्छा होईल तेव्हा कार्बोनाराच करावा. अंडं नको असेल तर १०० ग्रॅम कमी फॅटचं कॉटेज चीज पास्त्याच्या पाण्याबरोबर मिक्सरमध्ये गुळगुळीत फिरवावं: ७५-८० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. हा सॉस मंद आचेवर नुसता कोमट करावा, उकळी आली की फाटतो.

बरणीतल्या सॉसपैकी टोमॅटोचा १०० ग्रॅमला ४० ते ८० कॅलरींच्या आसपास असतो. ८० च्या जवळचा असेल तर यादीत तेल किंवा साखर वर आलेली दिसेल. पेस्टो, म्हणजे बेसिल, तेल आणि चीज वाटून केलेला सॉस, १०० ग्रॅमला ४०० ते ५५०. पेस्टो टाळायची गरज नाही, पण १५ ग्रॅम तोलून, पास्त्याच्या पाण्यात सैल करून वापरावा. बरणीतून चमचा थेट ताटात नेला की हिशेब संपला.

उरलेला पास्ता आणि दुसऱ्या दिवशीचा वजनकाटा

शिजवून गार केलेल्या पास्त्यात थोडा स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो, आणि पुन्हा गरम केल्यावरही त्यातला काही तसाच राहतो. साखर जरा सावकाश चढते, हे बरंच. पण त्यासाठी कॅलरी वजा करू नयेत. फरक तेवढा मोठा नसतो. साधा डुरम पास्ता दोन तासांच्या आत उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा, दोन-तीन दिवसांत संपवावा. गरम करताना तेल घालायचं नाही, दोन चमचे पाणी आणि झाकण पुरतं.

पास्ता खाल्ल्याच्या दुसऱ्या सकाळी वजन अर्धा-एक किलो जास्त दिसलं की पास्त्याला दोष दिला जातो. एक किलो चरबी साठायला ७,७०० च्या आसपास कॅलरी गरजेपेक्षा जास्त जाव्या लागतात. साडेचारशेच्या ताटातून ते होणं शक्यच नाही. शरीर कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं तेव्हा दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, त्यात खारट पाणी आणि चीज यांतल्या मिठाने अडवलेलं पाणी वाढतं, आणि अर्धा किलोचं ताट अजून पोटातही असतं. दोन-तीन दिवसांत ते उतरतं. पास्त्याचा वार ठरलेला असेल तर वजन त्याच्या आदल्या सकाळी करावं, आणि दर आठवड्याला त्याच दिवशी.